अर्धी गोष्ट आणि आपला तर्क

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोष्ट ऐन रंगात यावी आणि नेमकी तेथेच थांबावी, हा अनुभव आपणां बायकांना नवा नाही. पुराणिकबुवा द्रौपदीला भर सभेत आणून उभी करीत आणि पोथी बांधून उठत. मग घरी येईपर्यंत वाटभर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर, त्या कथेवाचून दुसरा विषय निघत नसे. 1890 साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने येऊ लागली, तेव्हा वाचणाऱ्यांना आठवडा-आठवडा वाट पाहावी लागे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील ज्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, त्यांतल्या शहाजादीने तर रोज रात्री गोष्ट अर्धी ठेवण्याच्या युक्तीवर आपला जीव वाचविला.

पण या कलेत सगळ्यांचा गुरू म्हणजे वेताळ. मुंबईच्या सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी 1830 साली 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. म्हणजे मराठी पुस्तके छापली जाऊ लागली त्या पहिल्या दिवसांपासून हा वेताळ आपल्या घरात आहे. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी राजालाच प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोके फुटून शंभर शकले होतील, अशी धमकीही देतो. ऐकणाऱ्याने नुसते ऐकायचे नाही, आपली बुद्धी चालवायची, तर्क करायचा, हा त्यातला अर्थ. त्या तर्काविषयीच आज मला चार शब्द सांगायचे आहेत, आणि त्यासाठी मी उदाहरण घेणार आहे ते मात्र आपल्या नातवंडांच्या कपाटातले.

हॅरी पॉटर हे नाव ऐकले नाही असे घर आता गिरगावात सापडायचे नाही. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेने लिहिलेली ही सात भागांची मालिका. पहिला भाग 26 जून 1997 रोजी इंग्लंडात निघाला. पुढे भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ती मराठीत आणली आणि पहिल्या भागाचे नाव ठेवले 'हॅरी पॉटर आणि परीस'. लोखंडाचे सोने करणाऱ्या त्या दगडाला आपल्याकडे तयार शब्द होता, तो चपखल बसला. कथा थोडक्यात अशी, की हॅरी हा पोरका मुलगा. वोल्डेमॉर्ट नावाच्या दुष्ट मांत्रिकाने त्याचे आईबाप मारले. आईने आपला जीव देऊन त्याला वाचविले आणि त्याच्या कपाळावर विजेच्या आकाराचा एक व्रण तेवढा राहिला. मावशीकडे कसाबसा वाढलेला हा मुलगा अकराव्या वर्षी हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेत जातो. तेथील मुख्याध्यापक डंबलडोर हे आजोबांसारखे मायाळू. आणि स्नेप नावाचे एक मास्तर आहेत. तेलकट केसांचे, तिरकस बोलणारे, हॅरीचा पदोपदी पाणउतारा करणारे. हे स्नेप एके काळी वोल्डेमॉर्टच्या टोळीत होते. तरीही डंबलडोर त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाकतात, आणि का टाकतात ते कोणालाच सांगत नाहीत.

16 जुलै 2005 रोजी सहावा भाग निघाला. त्या वर्षी आपल्या बुधवारच्या वाचनवर्गात, एका सभासद बाईंची कॉलेजात जाणारी कन्या तो इंग्रजीतून वाचून मराठीत सांगत असे. पहिल्या आठवड्यात चारपाचजणी होत्या, शेवटच्या आठवड्यात सतरंजी पुरेना. कारण शेवट विलक्षण होता. विष पिऊन अर्धमेले झालेले डंबलडोर मनोऱ्यावर भिंतीला टेकले आहेत. हॅरी मंत्राने खिळून, अदृश्य होऊन शेजारीच उभा आहे. स्नेप वर येतात. म्हातारा त्यांचे नाव घेऊन त्यांना विनवतो. आणि स्नेप त्यांना ठार मारून निघून जातात. पुस्तक संपले! पुढचा आणि शेवटचा भाग निघाला 21 जुलै 2007 रोजी. मुंबईतही त्या शनिवारी मुलांनी पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लावल्या. मधली दोन वर्षे साऱ्या जगाने एकच प्रश्न चघळला, स्नेप आपला की परका?

आपल्या वर्गातही दोन तट पडले. एक म्हणे, डोळ्यांदेखत खून केला, आणखी पुरावा तो कसला हवा? दुसरा म्हणे, थांबा, पुढचा भाग येऊ द्या. भांडण वाढू लागले तेव्हा आपल्या तेव्हाच्या चिटणीसबाईंनी एक नामी तोड काढली. बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा आणला आणि सांगितले, की प्रत्येकीने आपला तर्क चिठ्ठीवर लिहावा, खाली तारीख घालावी आणि हा तर्क गोष्टीतल्या कोणत्या खुणेवर बांधला आहे, तेही लिहावे. खूण नसलेली चिठ्ठी घेतली जाणार नाही. डबा बंद करून कपाटात ठेवला. बाईंनी हे सहज केले, पण तर्कशास्त्राच्या मोठ्या पोथीत याहून अधिक काही असेल असे मला वाटत नाही.

खूण दाखविण्याचे बंधन आले आणि वाचनच बदलले. ज्या बाया कथा नुसती ऐकत होत्या त्या मागची पाने पुन्हा वाचून मागू लागल्या. मग एकेक गोष्ट उजेडात आली. डंबलडोरांचा एक हात सबंध पुस्तकभर काळा पडलेला, जळाल्यासारखा आहे. एका शापित अंगठीने तो तसा झाला, आणि त्या वेळी स्नेपनीच वेळेवर उपचार केले. राखणदार हॅग्रिडने त्या दोघांचे भांडण चोरून ऐकले होते, त्यात स्नेप म्हणत होते की हे काम आता मला नको. कोणते काम? मनोऱ्यावर जाण्याआधी डंबलडोरांनी हॅरीला सांगितले होते, की दुसऱ्या कोणाला नको, स्नेपलाच बोलाव. आणि पळून जाताना हॅरी स्नेपच्या हाती आयता सापडला होता, पण त्यांनी त्याला मारले तर नाहीच, उलट दुसरा एक टोळीवाला त्याचा छळ करू लागला तेव्हा त्याला थांबविले. खुनी माणसाची ही रीत नव्हे.

आमच्यातल्या एक वयोवृद्ध बाई, ज्यांना इंग्रजी अक्षरही येत नव्हते पण महाभारत तोंडपाठ होते, त्या म्हणाल्या, "अगं, हा तर विदुर!" आणि त्यांनी खुलासा केला. विदुर अन्न खातो धृतराष्ट्राचे, बसतो कौरवांच्या सभेत. पण पांडव वारणावताला निघाले तेव्हा इतरांना कळू नये अशा गूढ भाषेत धर्मराजाला सावध करतो, मागाहून भुयार खणायला माणूसही पाठवितो. बाहेरून पाहणाऱ्याला तो कौरवांचाच दिसणार. शत्रूच्या गोटात बसून आपले काम करणाऱ्या माणसाचे मोठेपण त्याच्या हयातीत कोणाला दिसत नाही.

विदुराचे नाव निघाले म्हणून सांगते. अर्ध्या खुणांवरून तर्क कसा करावा याचा धडा आपल्याच भाषेत दोन विदुषींनी घालून दिला आहे. दुर्गाबाई भागवतांनी 'व्यासपर्व' 1962 साली लिहिले आणि इरावतीबाई कर्व्यांचे 'युगान्त' 1967 साली आले. 'युगान्त'ला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. इरावतीबाईंनी त्यात असा प्रश्न घातला आहे, की धर्मराजाचा खरा पिता विदुर तर नसेल? ऐकून दचकायला होते. पण बाईंनी तो हवेत सोडलेला नाही. युधिष्ठिर हा धर्माचा पुत्र. विदुर हा मांडव्य ऋषींच्या शापाने जन्माला आलेला साक्षात धर्मच. आणि अखेरीस वनात झाडाला टेकून उभा असलेला विदुर योगबळाने युधिष्ठिराच्या देहात शिरतो. या खुणा व्यासांच्याच आहेत, बाईंनी त्या शेजारी शेजारी मांडल्या. तो तर्क कोणाला पटो वा न पटो, तो पाहण्यासाठी पुन्हा मूळ ग्रंथच उघडावा लागतो, हे त्याचे वैशिष्ट्य.

आता दुसरी एक गंमत ऐका, कारण ती खास बायकांची आहे. वोल्डेमॉर्टने आपला जीव तुकड्यातुकड्यांनी निरनिराळ्या वस्तूंत दडविला होता. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात, ही आपल्या आजीची गोष्टच ती! त्यातली एक वस्तू म्हणजे साखळीत अडकवायचे लॉकेट. ते मिळविण्यासाठी डंबलडोर विष प्याले, पण हाती आले ते नकली. आत चिठ्ठी, खाली सहीची नुसती तीन अक्षरे, आर. ए. बी. हा कोण? आमच्यातली एक गृहिणी म्हणाली, "पाचव्या भागात ते जुने घर साफ करतात, ते पुन्हा वाच बघू." वाचले. सिरियस ब्लॅकच्या वडिलोपार्जित घराची झाडलोट चालली आहे, कपाटातून अडगळ निघते आहे, आणि त्या अडगळीत एक जड लॉकेट आहे, जे कोणालाच उघडत नाही. एवढेच एक वाक्य. त्या सिरियसचा धाकटा भाऊ रेग्युलस ब्लॅक, म्हणजे आद्याक्षरे आर आणि बी. तो वोल्डेमॉर्टच्या टोळीत शिरला आणि मागे फिरू पाहताच मारला गेला, हेही त्याच भागात आहे. घरकामाचे वर्णन म्हणून पुरुषमंडळी जे पान उलटून गेली असतील, त्यातच किल्ली होती. पुढे कळले, की डच आणि नॉर्वेच्या भाषांतरांत 'ब्लॅक' या आडनावाचेही भाषांतर केलेले असल्यामुळे तिथे चिठ्ठीखालचे शेवटचे अक्षरही त्याप्रमाणे बदलले होते, आणि तिकडच्या वाचकांनी चोर तेव्हाच पकडला होता.

सातवा भाग वाचून झाल्यावर डबा उघडला. रेग्युलसची चिठ्ठी खरी ठरली. 'पोपट मुलाच्याच कपाळावर बसला आहे' अशी एका आजींची चिठ्ठी होती, तीही खरी ठरली, कारण त्या दुष्टाच्या जिवाचा एक तुकडा हॅरीतच होता. डंबलडोर मेलेच नाहीत, परत येतील, असे लिहिणाऱ्या चिठ्ठ्या खोट्या ठरल्या. त्यांत खूण थोडी आणि माया फार होती. आणि विदुराची चिठ्ठी? डंबलडोर त्या अंगठीच्या शापाने मरणारच होते, त्यांनीच स्नेपना गळ घातली होती की वेळ येईल तेव्हा तूच मला मार. मनोऱ्यावरची विनवणी जीव वाचविण्यासाठी नव्हती. विश्वासाचे कारणही कळले. हॅरीची आई लिली ही स्नेपची बाळमैत्रीण, आणि तिच्यावरच्या प्रेमापायी त्या माणसाने सगळ्यांचा द्वेष सोसून तिच्या मुलाची राखण केली.

भगिनींनो, इथे एक खूण मी मुद्दाम मागे ठेवली होती. पाचव्या भागात हॅरीची मावशी सांगते, की 'त्या दुष्ट पोराने' आपल्या बहिणीला तुरुंगाच्या भयंकर पहारेकऱ्यांविषयी सांगताना तिने लहानपणी ऐकले होते. हॅरीला वाटते, पोर म्हणजे आपले वडील. आपल्यालाही तसेच वाटते. वास्तविक तो होता लहानगा स्नेप. म्हणजे लेखिकेने काहीच लपविले नव्हते. वस्तुस्थिती सर्वांच्या डोळ्यांसमोर होती, फक्त तिचा धागा आपण दुसरीकडे बांधला, आणि एकदा बांधल्यावर सोडून पाहिला नाही.

आता विचारते, हे एवढ्याशा पुस्तकापुरतेच आहे काय?

माझे माहेर लालबागचे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्या दिवसांत आमच्या माहेरच्या चाळीतली एक बाई रोज दिवेलागणीला घराबाहेर पडू लागली आणि पहाटे परत येऊ लागली. नवरा संपवाला, युनियनचा माणूस. तो कोणाशी बोलेना. चाळीने काय तर्क केला असेल ते मी सांगायला नको. मी तेव्हा सासरी गिरगावात होते, पण येथपर्यंत ती कुजबुज पोचली. खुणा सगळ्यांना दिसत होत्या. तिच्या पिशवीत पांढरे लुगडे घडी घातलेले असे. पहाटे आल्याबरोबर ती आंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावीत नसे. हातांना फिनेलचा वास येई. या तिन्ही खुणा एकाच ठिकाणाकडे बोट दाखवीत होत्या, पण पहिल्या दिवशी बांधलेला धागा कोणी सोडला नाही. ती एका इस्पितळात रात्रपाळीला आया म्हणून जात होती. बायकोला दुसऱ्यांची भांडी-मोरी करावी लागते याची नवऱ्याला लाज वाटे, म्हणून तिने वाच्यता केली नव्हती. हे उघड झाले तेव्हा चाळीतलीच एक म्हातारी त्या इस्पितळात होती आणि रात्री तिच्या उशाशी बसली होती ती हीच. पण तोपर्यंत आठ महिने गेले होते, आणि तिच्या थोरल्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले होते. मुलाकडच्यांच्या कानावर चाळीचा तर्क गेला होता.

पुस्तकातल्या तर्कात आणि या तर्कात फरक तो एवढाच, आणि केवढा मोठा! स्नेपविषयी आपण काय वाटेल ते म्हटले तरी दोन वर्षांनी सातवा भाग येतो आणि आपल्याला जागेवर बसवितो. स्नेपचे त्यात काही बिघडत नाही, तो कागदावरचा. शेजारणीच्या गोष्टीचा सातवा भाग मात्र कोणी छापीत नाही. तिची पुढची पाने आपल्याला वाचायला मिळतीलच असे नाही, आणि दरम्यान आपला तर्क चार घरे फिरून तिच्या दारात उभा राहिलेला असतो. पुस्तकाच्या बाबतीत खूण दाखविल्याशिवाय आम्ही चिठ्ठी घेतली नाही. जिवंत माणसाच्या बाबतीत मात्र खूण कोणी मागत नाही!

कोणी म्हणेल, मग तर्कच करू नये. मी तसे म्हणत नाही. तर्क हा बुद्धीचा धर्म आहे, आणि शतकानुशतके ज्यांना पोथीच्या पलीकडे काही ऐकायला मिळाले नाही त्या बायकांनी तर तो अवश्य करावा. पण त्याला वळण लावावे. खूण काय आहे ते आधी पाहावे. त्या खुणेचा दुसरा अर्थ निघतो का, तो काढून पाहावा, निदान एक तरी. आपला तर्क कशाने खोटा ठरेल, हे स्वतःशी आधीच ठरवून ठेवावे. आणि जिथे तर्क माणसाविषयी आहे, तिथे तो डब्यात ठेवावा, दारोदार फिरवू नये. हे वळण लागण्याची सर्वांत निर्धोक शाळा म्हणजे गोष्टीचे पुस्तक. तिथे तर्क चुकला तर हसे होते, कोणाचे लग्न मोडत नाही. म्हणून नातवंडे राक्षसांची आणि चेटकिणींची पुस्तके वाचतात, पुढे काय होईल यावर तासन्‌तास वाद घालतात, त्यांना रागावू नका. 'कशावरून म्हणतोस?' एवढेच विचारा. तो प्रश्न त्यांना जन्मभर पुरेल.

शेवटी पुन्हा वेताळाकडे येते. तो राजाला गोष्टीमागून गोष्ट सांगतो, राजा प्रत्येक वेळी अचूक उत्तर देतो, आणि प्रत्येक वेळी वेताळ खांद्यावरून निसटून झाडाला जाऊन लोंबकळतो. राजाची शहाणपणाची उत्तरे त्याला पुन्हा पुन्हा जिथल्या तिथे आणून सोडतात. शेवटची गोष्ट असते नात्यांच्या गुंत्याची. बापलेकांनी लेकमायलेकींशी अशी उलटसुलट लग्ने केली की मुलांचे एकमेकांशी नाते काय, हे सांगता येत नाही. राजा विचार करतो. उत्तर त्याला खरोखरच ठाऊक नसते. तो गप्प राहतो आणि वेताळाला खांद्यावर घेऊन चालू लागतो. त्या मौनावर वेताळ प्रसन्न होतो आणि ज्या गोसाव्याने राजाला या कामावर धाडले तोच त्याचा बळी देणार आहे, हे गुपित सांगून त्याचा जीव वाचवितो. ठाऊक असून न बोलणाऱ्याचे डोके फुटते, आणि ठाऊक नसताना न बोलणारा वाचतो. एवढी एक गोष्ट वेताळाकडून शिकता आली तरी पुरे.

आपल्या चिटणीसबाईंचा तो पत्र्याचा डबा अजून कपाटात आहे. येत्या बुधवारपासून वाचनवर्गात नवी कादंबरी सुरू होते आहे. डबा मी घासूनपुसून ठेवला आहे. चिठ्ठीवर तारीख आणि खूण दोन्ही लिहायला विसरू नका.